हार्डडिस्क दगा द्यायला लागली तर: डेटा काढायचा क्रम आणि थांबायची जागा

परभणीत कॉम्प्युटर दुरुस्ती करताना गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एकच दुखणं मी सगळ्यात जास्त वेळा हाताळलंय: भरलेली हार्डडिस्क अचानक दगा देते आणि आतला डेटा दुसरीकडं कुठंच नसतो. याचे हंगामही ठरलेले आहेत. लग्नसराई उतरली की फोटोग्राफर येतात, मार्चअखेरीला मोंढ्यातले आडतदार येतात. मधल्या दिवसांत शिक्षक, ई-सेवा केंद्रवाले आणि लेकराच्या बारशाचे फोटो गेलेले आईबाप. दुकानात रोज तोंडानं सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय. हे सगळं फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कबद्दल आहे. एसएसडी आणि पेनड्राइव्हचं दुखणं वेगळं असतं.

लक्षणं

सुरुवात बहुतेक वेळा संथपणानं होते. एखादं फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी सरकतच राहते, माऊस अडकतो, आणि डिस्कची केबल काढली की कॉम्प्युटर लगेच मोकळा होतो. कॉपी करताना वेग चांगला असतो, मग एका ठराविक फाइलवर शून्यावर येतो आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' किंवा 'आय-ओ डिव्हाइस एरर' असा संदेश येतो.

पुढची पायरी म्हणजे ड्राइव्ह दिसतो, पण उघडायला गेलं की विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिमच्या (फायलींच्या मांडणीच्या) जागी 'रॉ' दिसतं, म्हणजे विंडोजला ती मांडणी ओळखता येत नाही. कधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या खिडकीत 'इनिशियलाइज' करा असं विचारलं जातं. कधी जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज दर मिनिटाला वाजत राहतो.

आवाजांची लक्षणं सगळ्यात गंभीर. टक, टक, टक असा ठेक्यात येणारा आवाज आणि मग डिस्क थांबते. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधून बारीक पीं-पीं येतं. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी खरखर येते. शेवटचं लक्षण म्हणजे काहीच नाही: फिरत नाही, थरथरत नाही, फार तर जळका वास येतो.

आधी एवढं समजून घ्या

आजारी डिस्कमध्ये अजून किती वेळा वाचायची ताकद उरलीय हे कुणालाच माहीत नसतं. पण ती मोजकीच असते, आणि तुमच्या प्रत्येक प्रयत्नात थोडी खर्च होते. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. ते हेड वाकलं, घासलं किंवा अशक्त झालं की डिस्क चालू ठेवणं म्हणजेच तबकडी खरवडणं. खरवडलेल्या जागेवरचा डेटा कुणीही परत आणू शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी.

म्हणून खालच्या क्रमात आधी डिस्कला हातही लावावा न लागणाऱ्या गोष्टी आहेत, मग कमी वाचनाच्या, आणि सगळ्यात जास्त वाचनाची गोष्ट एकदाच, नीट तयारीनं.

मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडचा एक फोटोग्राफर एक टीबीची डिस्क टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. "भाऊ, काल संध्याकाळपासून टकटक करायलीय. रात्रभर सॉफ्टवेअर लावून ठेवलं होतं, तीन लॅपटॉपला लावून बघितली." पहिल्या टकटकीला तो थांबला असता तर डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये हेड बदलून बहुतेक फोटो निघाले असते. रात्रभरात तबकडीवर चरा पडला होता. तीन लग्नं त्यात होती. त्याला काय सांगावं हे मला कळत नव्हतं, आणि आजही टकटकीचा फोन आला की मी आधी ओरडूनच सांगतो: आत्ता बंद करा, मग बोलू.

तपासणी पहिली: हाच डेटा आणखी कुठं आहे का?

याला एक रुपया लागत नाही आणि डिस्कला धक्काही लागत नाही. तरी दहापैकी नऊ जण हे करत नाहीत, कारण माणूस घाबरलेला असतो. डिस्क बाजूला ठेवा, कागद घ्या आणि लिहा: नेमकं काय हवंय? 'सगळंच' हे उत्तर चालत नाही.

फोटोग्राफरनं अल्बम डिझायनरला आणि फोटो छापणाऱ्या लॅबला काय पाठवलं होतं ते विचारावं. निवडलेले फोटो तिथं बऱ्याचदा महिनोन्महिने पडून असतात. कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं असलं तरी त्यावर नवीन शूटिंग झालं नसेल तर ते तसंच बाजूला काढावं. त्यातून काढणं आजारी डिस्कपेक्षा कितीतरी सोपं. आडतदारानं कर सल्लागाराकडं पाठवलेला टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप शोधावा. शिक्षकांनी ईमेलच्या 'सेंट'मध्ये आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बघावं. निम्मी यादी अशीच कटते. उरलेल्या निम्म्यासाठी डिस्ककडं वळायचं.

इथं एक गोष्ट मोंढ्यातल्या मंडळींसाठी मुद्दाम. "बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हला रोज घेतो," असं मला दर मार्चला कुणीतरी सांगतं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. कपाट जळलं की दोन्ही कप्पे जळतात.

तपासणी दुसरी: केबल, पोर्ट, अडॅप्टर

डिस्क टक करत नसेल, पडलेली नसेल, भिजलेली नसेल, तरच ही तपासणी. दीडदोनशे रुपयांची केबल बदलून सुटलेल्या केस मी इतक्या बघितल्यात की केबल न बदलता मी पुढं जातच नाही. कारण साधं आहे: पोर्टेबल डिस्कची मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअरच देतो, यूएसबी ३ चा ९००. जुन्या लॅपटॉपचा सैल पोर्ट किंवा पातळ लांब केबल तेवढंही पोचू देत नाही. मग चांगली डिस्कही पीं-पीं करते, जोडते-तुटते, आणि माणूस घाबरतो.

आखूड नवी केबल घ्या. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. हब नको, समोरचा पोर्ट नको. मोठ्या, अडॅप्टरवर चालणाऱ्या डिस्कचा अडॅप्टर तपासा. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं. हे वाचल्याशिवाय लावू नका, कारण लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिन कधीकधी त्यात हुबेहूब बसते. घरातल्या पोरानं 'बसतंय' म्हणून ती लावली आणि डिस्कचं सर्किट क्षणात गेलं, अशा केस दर वर्षी दोनतीन येतात. गावाकडं रात्री शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडत असेल तर ही तपासणी यूपीएसवर किंवा दिवसा करा.

प्रयत्न किती? चांगल्या केबलवर एकदा, फार तर दोनदा. लावून-काढून बघत बसू नका. दर वेळी मोटर सुरू होते आणि हेड तबकडीवर येतं, तोच डिस्कच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण असतो.

तपासणी तिसरी: कान लावा

खोलीतला पंखा बंद करा. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. केबल लावा आणि दहा सेकंद ऐका. निरोगी डिस्क आधी हळूच घोंगावते, मग एकदा बारीक खडखड होते आणि आवाज एकसारखा होतो.

ठेक्यातली टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय, सापडत नाही, मागं जाऊन परत येतंय. पीं-पीं म्हणजे मोटर जोर लावतेय पण फिरत नाही. चांगल्या केबलवरही तेच आलं तर हेड तबकडीला चिकटलेलं आहे किंवा मोटरच जाम आहे. खरखर म्हणजे धातू घासतोय. या तिन्हींत तुमचं काम इथं संपलं. केबल काढा आणि थेट 'इथं थांबा, जाणकाराकडं न्या' या भागाकडं जा. कुठलंही सॉफ्टवेअर हेड सरळ करू शकत नाही.

तपासणी चौथी: कॉम्प्युटरला ती किती दिसते?

डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्हचं अक्षर असलं-नसलं तरी चालेल, आकार बघा. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवत असेल तर ती आपली ओळख नीट सांगतेय, म्हणजे हेड आणि आतला कारभार निदान जागेवर आहे. आकार शून्य दिसत असेल किंवा मॉडेलच्या नावाऐवजी भलतंच काही दिसत असेल तर डिस्कच्या आतला स्वतःचा प्रोग्राम वाचला जात नाही. हेही दुकानातलं काम नाही.

या खिडकीत विंडोज स्वतःहून विचारेल: फॉरमॅट करू का? इनिशियलाइज करू का? दोन्हीला 'कॅन्सल'. ते बटण डेटा परत आणत नाही, डिस्क नव्यानं मांडायची तयारी करतं.

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली (रेकॉर्डरमधली) डिस्क असेल तर हा संदेश बिघाड नसताना सुद्धा येतो, कारण बऱ्याच डीव्हीआरची मांडणी विंडोजला कळतच नाही. तसंच ड्राइव्हवर कुलूप दिसत असेल तर ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं कुलूप. ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते आधी बघा. तिच्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, चालवू नका. हे मी स्वतः शिकलोय, दुसऱ्याच्या नुकसानीतून. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका शिकवणीवाल्यांची डिस्क आली. विंडोजनं सुचवलं आणि मी चेकडिस्कला हो म्हटलं. तो प्रोग्राम फाइल सिस्टिम सुसंगत करायला बसवलेला आहे, तुमच्या फायली वाचवायला नाही. जे वाचता आलं नाही त्याच्या नोंदी त्यानं उडवल्या आणि सात वर्षांच्या प्रश्नसंचाचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाचे पडले. सरांनी मला एक शब्द बोलला नाही. मला तो दिवस अजून आठवतो. निरोगी डिस्कवर चेकडिस्क चालवा, आजारी डिस्कवर डेटा हातात आल्याशिवाय कधीच नाही.

तपासणी पाचवी: डिस्कचं स्वतःचं प्रगतिपुस्तक

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्याला 'स्मार्ट' म्हणतात. त्या बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल वाईट. पण रंगावर विसंबू नका, चार ओळी वाचा. आकडे आधी दशमानात करून घ्या, नाहीतर ते षोडशमान पद्धतीनं दिसतात आणि काहीच उमजत नाही.

'०५' म्हणजे खराब झाल्यामुळं बदलून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे डेटा ठेवायचे छोटे तुकडे. 'सी५' म्हणजे आत्ता वाचता येत नाहीत आणि निर्णयाची वाट बघतायत असे. 'सी६' म्हणजे डिस्कनं स्वतः तपासूनही न सुधारलेले. या तिन्हींत शून्याव्यतिरिक्त काही असेल तर डिस्कवरचा विश्वास संपला. आकडा वाढत असेल, सकाळी आठ आणि दुपारी चाळीस, तर घाई करा. चौथी ओळ 'सी७', ही मात्र डिस्कची नसून केबलवरच्या चुकांची मोजणी. ती कधी कमी होत नाही. केबल बदलल्यावर ती वाढायची थांबली म्हणजे दोष केबलचाच होता.

आता एक फसवणूक सांगतो, जी नकळत होते. 'सी५'मधल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की डिस्क त्याचा निकाल लावते आणि आकडा शून्य होतो. म्हणून पूर्ण फॉरमॅट मारलेली डिस्क निळी, टवटवीत दिसते. "डिस्क रिपेअर करून दिली," म्हणून ती परत मिळते. दुरुस्त काही झालेलं नसतं, तुमचा डेटा मात्र गेलेला असतो.

काही यूएसबी डब्यांतून स्मार्टच्या नोंदी पोचत नाहीत. डब्यात साधी साटा (कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीची) डिस्क असेल तर ती काढून थेट बोर्डला लावता येते. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट सर्किटवरच बसवलेला असतो, साटाचं कनेक्शनच नसतं, आणि डेटा त्याच सर्किटनं कूटबद्ध केलेला असतो, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तसं दिसलं तर डबा परत बंद करा.

मोठं काम: आधी प्रत, मग शोध

डिस्क ओळखली जाते, आवाज नाही, 'सी५' वाढलेला आहे: हीच ती केस जी घरी किंवा दुकानात सुटू शकते. आणि इथंच सगळ्यात जास्त घात होतो, कारण माणूस थेट आजारी डिस्कवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर सोडतो. ते डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हापुन्हा वाचतं आणि एका खराब जागेवर अडून तिथंच डोकं आपटत राहतं.

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठलेला असताना जाणतं माणूस पोहरा हळू सोडतं. आधी वरचं निवळ पाणी शेंदून हंडे भरायचे, गाळाला हात शेवटी. तळ ढवळला की निवळही हातचं जातं. जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्राम नेमकं हेच करतो. पहिल्या फेरीत जे सहज वाचलं जातं ते घेतो, अडलं की जागा सोडून पुढं उडी मारतो. सगळं निवळ हाती आल्यावर मग सोडलेल्या जागांकडं वळतो आणि त्या एकेक सेक्टर करून वाचून बघतो, यालाच 'स्क्रेप' म्हणतात. कुठवर आलो याची नोंद तो एका मॅपफाइलमध्ये ठेवतो. आपल्याकडं हे फार मोलाचं आहे, कारण लाइट गेली तरी काम जिथं थांबलं तिथूनच पुढं सुरू होतं.

तयारी अशी. एक नवी किंवा तपासलेली डिस्क, आजारी डिस्कपेक्षा मोठी. तिचं फॉरमॅट फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. काम विंडोजमध्ये नको. विंडोज जोडताक्षणी डिस्क चाळायला लागतं, छोटी चित्रं बनवतं, अँटिव्हायरस फायली उघडतो, हे सगळं त्या मोजक्या ताकदीतून खर्च होतं. पेनड्राइव्हवरून चालणारं सिस्टिमरेस्क्यू नावाचं लिनक्स घ्या, त्यात डीडीरेस्क्यू आणि पुढं लागणारा टेस्टडिस्क आधीपासून असतात आणि ते डिस्क आपणहून उघडत नाही.

मग सगळ्यात धोक्याचा क्षण: कुठून आणि कुठं. ही दोन नावं उलटी टाकली तर रिकामी डिस्क भरलेलीवर ओतली जाते, आणि तिथून परतीचा रस्ता नाही. मी आजारी डिस्कवर लाल चिकटपट्टी लावून 'यातून' लिहितो, नव्यावर हिरवी लावून 'यात'. दोन्हींचे सिरिअल नंबर पट्टीवर उतरवतो आणि स्क्रीनवरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवतो. नुसत्या आकारावरून ओळखत नाही, घाईत डोळा फसतो. एंटर मारायच्या आधी दुकानातल्या पोराला बोलावून मोठ्यानं वाचायला लावतो. इतक्या वर्षांनंतरही.

पहिली फेरी हे 'स्क्रेप' बंद ठेवून लावा, 'नो-स्क्रेप' म्हणतात तो पर्याय. ती संपली की दुसरी फेरी त्याच मॅपफाइलवर, थेट वाचनाचा पर्याय देऊन आणि पुन्हा प्रयत्न फार तर तीन. वेळेचा अंदाज ठेवा: एक टीबी सेकंदाला १०० एमबीनं पावणेतीन तासांत होते, ५ एमबीनं सुमारे ५५ तास लागतात. दोन दिवस चाललं तर घाबरू नका, आकडा पुढं सरकतोय ना एवढंच बघा. यूपीएस लावा. डिस्क चालू असताना हलवू नका.

उष्णता हा आपल्याकडचा खरा शत्रू आहे. परभणीचा मे महिना चाळिशीच्या वरच असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत डिस्क लवकर साठीकडं जाते. टेबलफॅन थेट डिस्कवर ठेवा. ५० अंशांच्या पुढं गेलं की मी काम थांबवतो, रात्री अकरानंतर परत लावतो. बर्फ, ओलं फडकं, फ्रीज यातलं काहीही नको. फ्रीजमधून बाहेर काढलेल्या तांब्यावर जसं दव धरतं तसंच तबकडीवर धरतं, आणि त्यावरून ते हेड जातं.

प्रत चालू असताना कधी थांबायचं? वेग शून्यावर येऊन तास-दोन तास जागचा हलला नाही, डिस्क मधेच गायब व्हायला लागली, किंवा आधी नसलेली टकटक सुरू झाली की लगेच बंद. तोवर जे आलं ते मॅपफाइलसह जपून ठेवा.

प्रत झाल्यावर आजारी डिस्क काढून कपाटात. पुढचं सगळं प्रतीवर. आधी टेस्टडिस्क: डिस्कची विभागणी (पार्टिशन) सापडली तर तो फायली नावांसकट, फोल्डरसकट दाखवतो आणि तिथून दुसरीकडं कॉपी करता येतात. त्यात नाही जमलं तरच फोटोरेक. तो फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखून काढतो, त्यामुळं नावं आणि फोल्डर जातात. फोटोंसाठी हे चालतं, वीस हजार फोटो नावाविना असले तरी डोळ्यांनी लावता येतात. टॅलीसाठी चालत नाही: टॅलीची कंपनी म्हणजे आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकत्र बसलेल्या अनेक फायली, त्या विखुरल्या की हिशेब उभा राहत नाही. म्हणून टॅलीच्या डिस्कवर मी जास्त सावध असतो आणि लवकर हात वर करतो.

इथं थांबा, जाणकाराकडं न्या

टकटक, पीं-पीं, खरखर, शून्य आकार. पडलेली डिस्क, जरी पडल्यावर चालू होत असली तरी. जळका वास. भिजलेली डिस्क. आणि कुठलंही लक्षण असो, ज्यात असं काही आहे की ते गेलं तर झोप लागणार नाही, ती डिस्क केबल तपासल्यावर लगेच न्यावी. माझ्यासारख्याकडं नाही, डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये.

जळक्या डिस्कबद्दल थोडं आशेचं. चुकीच्या अडॅप्टरनं गेलेल्या डिस्कमध्ये बऱ्याचदा सर्किटवरचा एक छोटा संरक्षक डायोड स्वतः जळून बाकीचं वाचवतो, तबकड्या शाबूत असतात. पण दुसऱ्या डिस्कचं हिरवं सर्किट काढून लावायचा प्रयोग करू नका. प्रत्येक डिस्कच्या हेडची जुळणी त्याच सर्किटवरच्या एका चिपमध्ये नोंदवलेली असते. ती चिप किंवा तिच्यातली माहिती हलवल्याशिवाय नवं सर्किट काही वाचत नाही, उलट नुकसान करू शकतं.

भिजलेल्या डिस्कबद्दल. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं बीड, धाराशिव, लातूरकडं घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा तिकडच्या ओळखीच्यांचे फोन महिनाभर येत होते. बहुतेकांनी डिस्क उन्हात वाळवली होती, काहींनी तांदळात पुरली होती. बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, गढूळ पाणी त्यातून आत जातं, आणि वाळलं की गाळाचा थर तबकडीवर घट्ट बसतो. वाळवू नका, चालू करू नका. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि त्याच दिवशी पाठवायच्या मागं लागा.

झाकण कुणालाही, कुठल्याही काउंटरवर उघडू देऊ नका. आपल्याकडं जिनिंगची रुई आणि रस्त्याची धूळ हवेतच असते. धुळीच्या एका कणापुढं हेडखालची फट काहीच नाही. ते काम गाळलेल्या हवेच्या बंदिस्त जागेत, जुळत्या डिस्कचं हेड काढून बसवून करतात.

लॅब पुणे, मुंबई आणि हैदराबादला आहेत. परभणी-नांदेडकडच्यांना देवगिरी एक्स्प्रेस मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडं नेते, एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला हैदराबादला लागूनचं सिकंदराबाद. जमलं तर डिस्क स्वतः घेऊन जा, मांडीवर. कुरिअरच करायचं तर अँटिस्टॅटिक पिशवी, चारी बाजूंनी बबलची गुंडाळी आणि आत हलणार नाही असा जाड खोका. जायच्या आधी फोनवर चार गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे किती, काम सुरू करायच्या आधी लेखी अंदाज देता का, डेटा निघाला नाही तर किती घेता, आणि डिस्क परत देता का. खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट होतो, त्याची मनाची तयारी ठेवा. आणि आधी काय काय केलं ते खरं सांगा, पडली तर पडली म्हणा. त्यावर त्यांची पहिली पायरी ठरते.

डेटा आल्यावर

फायलींची यादी दिसली म्हणजे काम झालं असं नाही. जे सेक्टर वाचता आले नाहीत तिथं प्रतीमध्ये शून्यं भरलेली असतात, म्हणून फाइल पूर्ण आकाराची दिसते पण फोटो अर्धा राखाडी निघतो. गिऱ्हाईक समोर असतानाच महत्त्वाच्या फायली उघडून बघा. डीडीरेस्क्यूच्या फिल मोडनं न वाचलेल्या जागांत एक ठराविक शब्द भरून घेता येतो, मग तो शब्द शोधला की नेमक्या कुठल्या फायली दुखावल्यात ते कळतं. मोठ्या डेटावर हे केल्याशिवाय मी 'झालं' म्हणत नाही. जुनी डिस्क निदान दोनतीन महिने ठेवून द्या, काहीतरी राहिलं म्हणून आठवतंच.

आणि मराठी मजकुराबद्दल एक, कारण यात चांगला डेटा खराब समजून फेकलेला मी पाहिलाय. गेल्या हिवाळ्यात सेलूकडचे एक निवृत्त गुरुजी आले. गावोगाव फिरून बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वीस वर्षांपूर्वी टाइप करून ठेवल्या होत्या. 'सी५' दोनशेच्या पुढं गेलेली डिस्क, दोन रात्रींत प्रत झाली, फोल्डर नावासकट निघालं. पहिली फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एकही शब्द वाचता येईना. गुरुजी म्हणाले, "राहू द्या सर, गेलंच ते." ते गेलेलं नव्हतं. मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला होता आणि माझ्या कॉम्प्युटरवर तो फाँट नव्हता. युनिकोडच्या आधीचं आपलं सगळं टायपिंग, श्रीलिपी असो, आयएसएम असो, कृतिदेव असो, फाँटशिवाय असंच दिसतं. त्याच जुन्या डिस्कच्या विंडोजच्या फोल्डरमधून मी फाँट शोधून काढला, बसवला, फाइल बंद करून परत उघडली. गुरुजींनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आले आणि पहिली ओवी हलक्या आवाजात वाचायला लागले.